एचआयव्ही, ऑपरेशन आणि 'तुम्ही सिव्हिलला घेऊन जा'

घाटमाथा

मंडळी, मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका ग्रामीण रुग्णालयात आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, बरीच वर्षं समुपदेशक होते. आता ते काम सोडलंय, पण जुन्या लोकांचे फोन अजून येतात. पूर्वी फोनवरचे प्रश्न ठरलेले असायचे. किती दिवस राहिले, मुलाला झाला असेल का, गोळ्या कायमच्या का. हल्लीचे फोन वेगळे असतात. 'ताई, मूळव्याधीचं ऑपरेशन ठरलं होतं, रिपोर्ट बघितला आणि डॉक्टर म्हणाले सिव्हिलला जा.' 'ताई, दाढ काढायचीय, सांगू का नको सांगू?' 'ताई, आईचा मोतीबिंदू आहे, तीन ठिकाणी तारीख देऊन रद्द केली.'

यामागचं कारण खरं तर चांगलं आहे. 1 एप्रिल 2004 पासून सरकारनं एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या औषधांच्या, गोळ्या फुकट द्यायला सुरुवात केली. 2017 पासून सीडी-फोर (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी) किती आहे हे न बघता निदान झालं की लगेच उपचार सुरू होतात. आता बहुतेकांना डोल्युटेग्राविर असलेली एक गोळी दिवसातून एकदा घ्यावी लागते. माणसं जगतायत, साठी ओलांडतायत. मग साठीनंतर सगळ्यांना जे होतं ते त्यांनाही होणारच. साखर, मोतीबिंदू, पित्ताशयातले खडे, हर्निया, प्रोस्टेट, खुब्याचं हाड. म्हणजे एचआयव्ही असलेला माणूस आता एआरटी सेंटरच्या एका खोलीपुरता राहिलेला नाही, तो दवाखान्याच्या प्रत्येक विभागात जाणार आहे. एआरटी सेंटरमधल्या लोकांना त्याच्याशी कसं बोलायचं ते येतं. बाकीच्या विभागांत अजून 1995 साल चालू आहे. फाइलवर लाल शाईत मोठ्ठं लिहिलेलं, कोपऱ्यातली खाट, सगळ्यात शेवटचा नंबर, आणि बिलात 'स्पेशल किट'.

आपल्या राज्यात एचआयव्हीसह जगणाऱ्यांची संख्या देशात सगळ्यात जास्त आहे. त्यामुळे हा प्रश्न कुणा दूरच्या माणसाचा नाही. तुम्ही काय बघितलंय ते लिहा. डॉक्टर, सिस्टर मंडळींनीही लिहा, त्यांची भीतीही मला समजून घ्यायची आहे.

कोरांटी

शहरातल्या चांगल्या दंतवैद्यांकडचा अनुभव. माझ्या मैत्रिणीनं फॉर्मवर प्रामाणिकपणे लिहिलं. आत घेतलं, खुर्चीत बसवलं, मग डॉक्टर बाहेर जाऊन आले आणि म्हणाले, आज मशीनमध्ये बिघाड आहे. नंतर फोन उचलला नाही. दुसऱ्या ठिकाणी तिनं लिहिलंच नाही. तिथं दाढ व्यवस्थित निघाली. ती मला म्हणाली, खरं बोलले की दार बंद होतं, गप्प बसले की उघडतं. मला तिला चुकीचं म्हणता आलं नाही.

नांगरफाळ

मी तालुक्याच्या गावी छोटं सर्जिकल हॉस्पिटल चालवतो. बाजू मांडतो, कृपया अंगावर येऊ नका. टाके घालताना सुई बोटात जाते, ही रोजची शक्यता आहे. माझ्याकडे दोन सिस्टर, एक ओटी असिस्टंट. त्यांच्या घरी लहान मुलं आहेत. त्यांच्यापैकी एकीनं 'सर, मी उभी राहणार नाही' म्हटलं तर मी काय करू? पेशंटचं स्टेटस आम्हाला कळायला नको का? आधी कळलं तर जास्त काळजी घेता येते. यात कलंक लावण्याचा हेतू नसतो.

घाटमाथा

@नांगरफाळ, लिहिलंत हे फार बरं केलंत. तुमच्या सिस्टरची भीती खरी आहे, तिला हसण्यासारखं त्यात काही नाही. पण आकडे बघू या.

एचआयव्ही असलेल्या, उपचार न घेणाऱ्या माणसाच्या रक्ताची सुई टोचली तर संसर्गाची शक्यता साधारण 0.3 टक्के. आणि लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीची 6 ते 30 टक्क्यांपर्यंत. तुमच्याकडे हिपॅटायटिस बीच्या पेशंटला कुणी गेटवरून परत पाठवलाय का? मी तरी ऐकलेलं नाही. भीती नुसती विषाणूची असती तर ती या आकड्यांच्या क्रमानं असती.

दुसरं, 'आधी कळलं तर जास्त काळजी' याची उलट बाजू बघा. संसर्ग नवा असेल तर विंडो पीरियडमध्ये, म्हणजे तो तपासणीत दिसायच्या आधीच्या काळात, रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि तेव्हाच रक्तात विषाणू प्रचंड असतो. म्हणजे ज्याचा कागद निगेटिव्ह म्हणून तुम्ही एकच ग्लोव्ह घातलात तो जास्त धोक्याचा असू शकतो. आणि ज्याला तुम्ही परत पाठवता तो रोज गोळी घेणारा, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबलेला माणूस असतो. त्याच्याकडून धोका जवळपास संपलेला असतो. म्हणून युनिव्हर्सल प्रिकॉशन्स. प्रत्येक पेशंटला, प्रत्येक वेळी, तीच काळजी. कागद बघून ठरवायची नाही.

रात्रपाळी

मी स्टाफ नर्स आहे, सरकारी नोकरी. मला सुई टोचलेली आहे. पेशंट पॉझिटिव्ह होता. तासाभरात पीईपीची, म्हणजे सुई टोचल्यावर संसर्ग टाळायच्या औषधाची, पहिली गोळी घेतली, 28 दिवस कोर्स केला, मळमळ सोडली तर काही झालं नाही, नंतरच्या सगळ्या तपासण्या निगेटिव्ह. त्या 28 दिवसांत घरी मुलाला जवळ घ्यायचीसुद्धा भीती वाटायची. मला सगळं माहीत असूनही वाटायची.

आता मला जे सांगायचंय ते सांगते. ती सुई मला का टोचली? वापरलेल्या सुईला परत टोपण लावत होते म्हणून. लावायचं नसतं हे शिकवलेलं आहे. पण हब कटर (वापरलेली सुई कापायचं यंत्र) बिघडलेला होता, सुया टाकायचा पांढरा डबा भरून वाहत होता, आणि रात्री दोन वाजता चाळीस पेशंटला मी एकटी होते. ग्लोव्ह्जचा स्टॉक कपाटात, किल्ली इन्चार्ज सिस्टरकडे, त्या दिवसपाळीला. अशा ठिकाणी कुणी 'हा पॉझिटिव्ह आहे' म्हटलं की सगळा स्टाफ त्या एका खाटेपासून लांब राहतो, कारण सावध राहण्याचा तेवढाच मार्ग त्याच्या हातात असतो. साधनं नसलेल्या वॉर्डात पोस्टर लावून भेदभाव जाणार नाही.

आणि प्रशिक्षण कुणाला देतात? डॉक्टरांना, फार तर आम्हाला. लादी पुसणाऱ्या मावशी, पिवळ्या-लाल पिशव्या उचलणारे मामा, ड्रेसिंगचे वॉर्डबॉय यांना कुणी काही सांगत नाही. पेशंटला पहिलं वाकडं बोलणं तिथूनच ऐकायला मिळतं. त्यांनाही बसवून शांतपणे सांगितलं की ते ऐकतात, मी अनुभवानं सांगते. आमच्या वॉर्डातल्या मावशी आज नव्या सिस्टरना सांगतात, 'अगं, हात लावल्यानं काही होत नाही.'

नांगरफाळ

@रात्रपाळी, तुमची पोस्ट दोनदा वाचली. हब कटर आणि ग्लोव्ह्ज माझ्याकडे आहेत. पीईपीची गोळी मात्र आमच्याकडे ठेवलेली नाही, कुठून आणायची हेही स्टाफला सांगितलेलं नाही. हे मान्य.

कलमदान

वकील आहे, म्हणून थोडं कायद्याचं. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) अधिनियम 2017 सालचा, 10 सप्टेंबर 2018 पासून लागू. आरोग्यसेवा नाकारणं, मध्येच बंद करणं किंवा देताना वेगळी वागणूक देणं याला कलम 3 मध्ये मनाई आहे, आणि ती खासगी दवाखान्यांनाही लागू आहे. उपचार हवे असतील तर आधी एचआयव्ही तपासणी करा, अशी अट घालणंही त्याच कलमात येतं. तपासणीला संमती लागते, तीही समजावून सांगून घेतलेली. ॲडमिट होताना सह्या घेतलेल्या फॉर्मच्या गठ्ठ्यात ती संमती दडवलेली असते, पेशंटला पत्ताही नसतो.

डॉक्टरांच्या बाजूचंही त्यात आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. कलम 19 नुसार स्टाफला युनिव्हर्सल प्रिकॉशन्सची साधनं, प्रशिक्षण आणि पीईपी पुरवणं ही दवाखान्याची जबाबदारी आहे. रात्रपाळीताई, तुमचा तो भरलेला पांढरा डबा म्हणजे या कायद्याचंच उल्लंघन होतं.

भीमाकाठ

मी एरवी फक्त वाचतो. आज लिहायची वेळ आली. माझे मामा, वय 67, अंगणात पाय घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. सोमवारी एका खासगी हॉस्पिटलात ॲडमिट केलं, बुधवारचं ऑपरेशन ठरलं. मामांना एचआयव्ही आहे. बरीच वर्षं गोळ्या चालू आहेत, तब्येत ठणठणीत. हे फक्त मामीला आणि मला माहीत होतं. बुधवारी सकाळी रिसेप्शनवरच्या माणसानं मामांच्या सुनेला, चार लोकांसमोर सांगितलं, 'तुमच्या पेशंटला एचआयव्ही निघालाय, आमच्याकडे सोय नाही, तुम्ही सिव्हिलला घेऊन जा.' आज शुक्रवार. मामा ट्रॅक्शन (पायाला वजनाची ओढ) लावून पडून आहेत. घरात रडारड आहे. सून माहेरी निघून गेली. मामा म्हणतात, मला घरी न्या, पायाचं काय व्हायचं ते होऊ दे. मी नोकरीसाठी बाहेरगावी असतो, उद्या पोचतो. काय करू?

घाटमाथा

@भीमाकाठ, आधी हाड, बाकी सगळं नंतर. या वयात खुब्याचं हाड मोडून नुसतं पडून राहणं फार वाईट. पाठीला जखमा होतात, छातीत कफ भरतो. घरी अजिबात नेऊ नका.

त्यांच्या एआरटी सेंटरच्या मेडिकल ऑफिसरना आत्ता फोन करा. सेंटरवर त्यांचं पांढरं कार्ड असतं, त्यात सगळी नोंद आहे. शेवटचा व्हायरल लोड किती, कोणत्या गोळ्या चालू आहेत, ऑपरेशनला हरकत नाही, एवढं त्यांच्याकडून लिहून घ्या. मामांकडची हिरवी पुस्तिका सोबत ठेवा. बऱ्याच सेंटरचे डॉक्टर स्वतः ऑर्थोपेडिकच्या डॉक्टरांशी बोलतात आणि डॉक्टर डॉक्टरशी बोलला की पुष्कळदा गाठ सुटते. 1097 ही टोल-फ्री हेल्पलाइन आहे, तिथं मराठीत बोलता येतं. जिल्ह्यातलं पॉझिटिव्ह लोकांचं नेटवर्क कोणतं, विचारा. ही मंडळी दवाखान्यात तुमच्यासोबत येऊन उभी राहतात, मी कित्येकदा बघितलंय.

गोळ्या चुकवू नका. ॲडमिट असताना गोळ्यांचा डबा घरी राहतो आणि खंड पडतो, हे नेहमी होतं.

कलमदान

@भीमाकाठ, हॉस्पिटलला एका कागदावर दोन ओळींचा अर्ज द्या. 'अमुक तारखेला ठरलेली शस्त्रक्रिया कोणत्या कारणानं रद्द केली ते लेखी द्यावे.' पोच घ्या. 'सोय नाही' हे तोंडी म्हणणं सोपं असतं, सहीनिशी लिहून देणं अवघड. वीस किंवा जास्त माणसं काम करत असतील अशा आरोग्य संस्थेनं तक्रार अधिकारी नेमायचा असतो, त्याचं नाव मागा. त्यावर राज्य सरकारनं नेमलेला लोकपाल असतो. त्यानं 30 दिवसांत आदेश द्यायचा असतो, आणि वैद्यकीय तातडी असेल तर शक्यतो 24 तासांत. रिसेप्शनवर चारचौघांत सांगणं हे कायद्याचं वेगळं उल्लंघन समजा. उपचारात सहभागी असलेल्या दुसऱ्या आरोग्य कर्मचाऱ्याला गरजेपुरतं सांगता येतं, नातेवाइकांना पेशंटच्या संमतीशिवाय नाही.

नांगरफाळ

@भीमाकाठ, जिल्हा कोणता ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आमच्या भागातले एक ऑर्थोपेडिक सर्जन हे ऑपरेशन करतात, आमच्या ओळखीतल्या दोन पेशंटचं केलंय. मी त्यांना आजच फोन करतो.

मांडवी

हे सगळं वाचताना आमच्या गोव्यातला डॉमिनिक डिसोझा आठवला. नव्या वाचकांसाठी सांगते. तो रक्तदान करायचा, त्यातूनच त्याचा रिपोर्ट कळला. 1989 साली त्याला पोलिसांकरवी उचलून म्हापशाच्या ओसाड क्षयरोग रुग्णालयात कोंडून ठेवलं, तब्बल 64 दिवस. गुन्हा कसलाच नाही, त्या वेळच्या गोव्याच्या आरोग्य कायद्यात तशी तरतूद होती. त्याची आई ल्युसी डिसोझा मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि न्यायालयानं ती तरतूद वैध ठरवली. बाहेर आल्यावर डॉमिनिकनं 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी करायला घेतली आणि 1992 मध्ये तो गेला. आजच्यासारखी प्रभावी औषधं यायच्या आधी.

तेव्हा माणसाला खोलीत कोंडायला पोलीस लागले होते. मामांच्या बाबतीत रिसेप्शनवरच्या एका वाक्यानं तेच झालं. सून माहेरी, मामा खोलीत, पाय मोडलेला.

कलमदान

मांडवीताई, त्याच मुंबई उच्च न्यायालयानं 1997 मध्ये उलट दिशेचा निकालही दिला. एका सार्वजनिक कंपनीनं हंगामी कामगाराला निव्वळ एचआयव्ही आहे म्हणून काम नाकारलं होतं. न्यायालय म्हणालं, माणूस काम करायला सक्षम आहे आणि इतरांना धोका नाही, तर काम नाकारता येणार नाही. त्या खटल्यात त्याचं नाव कुठंच आलं नाही, 'एमएक्स' एवढंच. 2017 च्या कायद्यात ओळख लपवून खटला चालवायची जी सोय आहे तिची ही आधीची वाट. 2023 साली सर्वोच्च न्यायालयानं हवाई दलातल्या एका माजी कर्मचाऱ्याला, ज्याला लष्करी रुग्णालयात चढवलेल्या रक्तातून संसर्ग झाला होता, सुमारे दीड कोटींची भरपाई दिली आणि हा कायदा नीट अमलात आणा, असे निर्देश सरकारांना आणि न्यायालयांनाही दिले.

पाऊलवाट

मी एचआयव्ही घेऊन जगणारी बाई आहे. इथं पहिल्यांदा लिहिते. मामांची गोष्ट वाचून राहवलं नाही.

नवऱ्याकडून मला आला, ते गेले. माझ्या गावापासून एआरटी सेंटर जवळ आहे पण मी तिथं जात नाही. तिथला शिपाई आमच्या भावकीतला आहे. मी पलीकडच्या जिल्ह्यात जाते. एसटीनं जाऊन येऊन दिवस मोडतो, रोजंदारी बुडते. हल्ली एकदम दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या देतात म्हणून जमतं. बाटलीचं लेबल मी तिथंच बसस्टँडवर फाडून टाकते.

माझी मुलगी झाली तेव्हाची गोष्ट. कळा सुरू असताना सिस्टर एकमेकींना म्हणत होत्या, तू घे, तू घे. शेवटपर्यंत कुणी हात लावला नाही, एका शिकाऊ मुलीनं बाळ घेतलं. खाटेला पाटी लावली. माझ्या आईनं डबा आणला तर आईलाही बाजूला उभं केलं. मुलगी निगेटिव्ह आहे, देवाची कृपा आणि वेळेवर मिळालेल्या औषधाची. आता कॉलेजला आहे.

पण त्यानंतर मी बायकांच्या डॉक्टरकडे कधी गेलेच नाही. अंगावरून पांढरं जायचं, नंतर लालसर. सेंटरच्या ताई विचारायच्या, मी काही नाही म्हणायचे. ती पाटी आठवायची. शेवटी सेंटरच्या ताईंनी हाताला धरून नेलं. गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सरच्या आधीची अवस्था निघाली, उपचार झाले, सुटले. माझ्यासोबतच्या एका बाईला उशीर झाला, ती गेली. ती एचआयव्हीनं गेली नाही. तिच्या गोळ्या व्यवस्थित चालू होत्या.

घाटमाथा

@पाऊलवाट, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल काय म्हणू. एचआयव्ही असलेल्या बाईला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा सुमारे सहापट असतो. म्हणून तिनं नियमित तपासून घ्यायला हवं, आणि तीच बाई त्या खोलीत पाऊल टाकायला सगळ्यात जास्त घाबरते. तुमची ती पाटी काही दिवस खाटेवर होती, पण तिनं तुम्हाला इतकी वर्षं तपासणीपासून लांब ठेवलं. बाळंतपणाच्या वॉर्डात कुणी वाकडं बोललं तर त्याची किंमत कुठल्या विभागात आणि किती वर्षांनी चुकवावी लागते हे तिथल्या स्टाफला कधीच दिसत नाही. म्हणून प्रशिक्षणात अशा बायकांनी स्वतः येऊन बोलावं असं मला नेहमी वाटतं, अर्थात त्यांची इच्छा असेल तरच.

कोरांटी

एक शंका. व्हायरल लोड दबला की जोडीदारालाही होत नाही हे खरं का? मैत्रिणीचं लग्न ठरतंय.

घाटमाथा

हो, खरं आहे. व्हायरल लोड मोजता न येण्याइतका कमी झाला आणि तसाच टिकला तर लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही. 2011 साली एचपीटीएन 052 या मोठ्या अभ्यासानं लवकर उपचारांचा हा फायदा ठळक दाखवला, त्यात आपल्या पुण्यातली जोडपीही होती. गोळी रोज हवी आणि व्हायरल लोडची तपासणी वेळेवर हवी. होणाऱ्या नवऱ्याला सगळं माहीत असेल तर दोघांनी मिळून सेंटरवर जाऊन डॉक्टरांशी बोलावं.

भीमाकाठ

अपडेट. नांगरफाळ सरांनी ज्यांचा नंबर दिला त्या डॉक्टरांकडे रविवारी मामांना हलवलं. एआरटीच्या डॉक्टरांनी पत्र दिलं, व्हायरल लोड दबलेला. मंगळवारी ऑपरेशन झालं. नव्या डॉक्टरांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, 'काय मामा, पेरण्या झाल्या का?' मामा आठवडाभरात पहिल्यांदा नीट जेवले. वॉकर धरून दोन पावलं टाकली. सून अजून आलेली नाही. मामी तिच्याकडे जाऊन आली, तिला आणि तिच्या आईवडिलांना सेंटरच्या समुपदेशकांकडे न्यायचं ठरतंय.

आधीच्या हॉस्पिटलनं लेखी कारण दिलं नाही. अर्ज घेतला, पोच मात्र दिली. तक्रार करायची माझी फार इच्छा आहे. मामा नको म्हणतात. म्हणतात, अजून गावात दोनच घरांत कळलंय, तक्रार केली की सगळ्या गावाला कळेल. आणि एक प्रश्न, आधीच्या हॉस्पिटलच्या बिलात 'संरक्षक किट' म्हणून सहा हजार लावलेत, ऑपरेशन झालेलंच नसताना. भरून टाकलेत आम्ही.

नांगरफाळ

मामा चालले हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडे या आठवड्यात स्टाफला बसवून बोललो, मावश्यांनाही. पीईपी कुठं मिळेल, रात्री कुणाला फोन करायचा, हे ओटीच्या दारावर लिहून लावलंय. एक सिस्टर अजून तयार नाही. तिच्यावर जबरदस्ती करणार नाही, पण पेशंटला परतही पाठवणार नाही. ऑपरेशनआधीच्या तपासण्यांच्या यादीतून एचआयव्ही काढायचा का, यावर माझ्या भूलतज्ज्ञांचं आणि माझं एकमत झालेलं नाही.

कलमदान

@भीमाकाठ, मामांचा निर्णय मामांचाच. त्यांनी हो म्हटलं तरच पुढे जा. फक्त त्यांना एवढं सांगा की लोकपालाकडे तक्रार त्यांच्या वतीनं दुसरं कुणी करू शकतं आणि प्रकरण न्यायालयात गेलं तरी टोपणनावानं चालवता येतं. गावात गाडी येणार नाही, पेपरात नाव येणार नाही.

किटच्या पैशांचं वेगळं ठेवा. त्यासाठी एचआयव्हीचा उल्लेख न करताही मागणी करता येते. जे साहित्य वापरलंच नाही त्याचे पैसे परत करा, एवढाच अर्ज. मूळ बिल जपून ठेवा, झेरॉक्स द्या. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर मला व्यनि करा, ग्राहक आयोगाचा मसुदा करून देतो. फी नको.